ट्रॅव्हल ट्रेलरच्या टेल लाइटमधली गळती कशी बंद करावी

ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, टेल लाइटच्या लाल काचेत पाणी दिसलं, की बरेच जण दिव्याच्या चारही कडांना सिलिकॉन फासून मोकळे होतात. पुढच्या पावसात पाणी पुन्हा दिसतं, आणि आता त्याची बाहेर पडायची वाटही बुजलेली असते. मुळात दिव्याची फार काळजी करण्याचं कारण नाही, त्याचा बल्ब दोन-चार डॉलरला मिळतो. जपायची असते ती त्याच्या मागची भिंत. अमेरिकेतल्या बऱ्याच ट्रॅव्हल ट्रेलरची भिंत म्हणजे बाहेरून अॅल्युमिनियमचा पन्हळी पत्रा किंवा फायबरग्लास, आणि आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा किंवा पातळ प्लायवूड. वायरसाठी पाडलेल्या भोकातून शिरलेलं पाणी भिंतीतून खाली उतरतं आणि मागच्या कोपऱ्यातल्या फरशीच्या प्लायवूडमध्ये मुरतं. तिथे ते महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही. फायबरग्लासच्या भिंतीवर फुगवटा आला असेल, तर आतला थर सुटायला लागला आहे.

आधी पाणी येतं कुठून ते शोधा

सकाळी काचेच्या आत धुकं दिसतं आणि ऊन चढल्यावर नाहीसं होतं, तेव्हा ती फक्त आतल्या हवेतली वाफ असते. तिला काही करावं लागत नाही. काचेच्या तळाशी पाणी साठत असेल किंवा आतले धातूचे भाग हिरवे-पांढरे पडले असतील, तर ती गळती समजा.

पण दिव्यात पाणी आहे म्हणजे ते दिव्यातूनच शिरलं, असं धरून चालू नका. अमेरिकेत 80 इंच किंवा त्याहून रुंद ट्रेलरला मागच्या बाजूला वर, मधोमध, तीन लहान लाल दिवे लावावेच लागतात आणि कडांना आणखी दोन. या दिव्यांच्या मागूनही पाणी शिरतं. छताची कड आणि कोपऱ्यावरची धातूची पट्टी याही नेहमीच्या जागा. वरून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि टेल लाइटच्या भोकाशी डोकावतं. म्हणून दिवा काढल्यावर भोकाच्या वरच्या कडेचं लाकूड बोटांनी चाचपा. वर ओलं असेल तर पाणी वरूनच येतंय, आणि खालचा दिवा कितीही नीट बसवला तरी गळती थांबणार नाही.

खात्री करायची असेल तर बागेच्या नळीने हलकी धार सोडा. सुरुवात दिव्याच्या खालच्या कडेपासून करा आणि एकेका जागी तीन ते पाच मिनिटं थांबत वर सरका. आतल्या बाजूला एकाने टॉर्च घेऊन बघत राहायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जोडांवरून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका, तो शाबूत जोडातूनही पाणी आत ढकलतो.

लागणारं सामान

पाऊण इंच रुंद आणि एक अष्टमांश इंच जाड ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आतून गोंद असलेले उष्णतेने आवळणारे वायर जोड, डायइलेक्ट्रिक ग्रीस (विजेचे जोड ओलीपासून वाचवणारं), मिनरल स्पिरिट (चिकटपणा काढणारं द्रावक), प्लास्टिकची खरवडणी आणि भिंतीसाठीचं, न ओघळणारं सीलंट. छतासाठीचं आपोआप पसरणारं सीलंट उभ्या भिंतीवर लावलं की खाली वाहतं, ते टाळा.

ब्यूटाइलसारखीच दिसणारी पुट्टी टेपही दुकानात मिळते. ती काही वर्षांत वाळते आणि तडकते. फरक ओळखणं सोपं आहे: थोडा तुकडा ओढून बघा. ब्यूटाइलची पाकासारखी लांब तार निघते, पुट्टी मात्र तुटते.

व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन इथे अजिबात नको. ते पक्कं होताना अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि तांब्या-पितळेचे भाग गंजतात. शिवाय सिलिकॉनच्या उरलेल्या थरावर दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीचं काम दुप्पट होतं.

दिवा उतरवणं आणि भोक तपासणं

ओढणाऱ्या गाडीचा सात पिनांचा प्लग काढा आणि ट्रेलरच्या बॅटरीची ऋण तारही सोडवा. मगच काच काढा आणि बैठकीचे स्क्रू सोडा. वायर कापण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीने नाव द्या. रंगांवर विसंबू नका. ट्रेलरच्या वायरिंगच्या एकाहून अधिक पद्धती चालू आहेत: एकीत तपकिरी वायर मागच्या कायम (रात्री सतत पेटणाऱ्या) दिव्यांची असते, तर दुसरीत तीच उजव्या वळणाची.

जुनं सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, कारण धातूच्या पात्याने पत्र्यावर ओरखडे पडतात. उरलेला चिकटपणा मिनरल स्पिरिटने पुसा. लाल काचेवर मात्र साबणाच्या पाण्याखेरीज काहीही लावू नका. ही काच खरं तर प्लास्टिकची असते, अॅसिटोनने ती धूसर होते आणि तडकते.

आता भोकाभोवतीच्या लाकडात स्क्रू ड्रायव्हर टोचा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे. बोटभर जागा मऊ असेल तर लाकूड कडक करणारं इपॉक्सी पुरतं. त्याहून जास्त असेल तर तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवावा लागेल, दुसरा उपाय नाही. लाकूड फक्त ओलं असेल तर पंखा लावून वाळू द्या आणि ओलावा मोजायच्या मीटरवर 15 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबा. घाईत ओल्या लाकडावर दिवा बसवला तर पाणी आतच कोंडलं जातं. या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, चार-पाच दिवस गेले तरी चालतील.

नव्याने बसवणं

कारखान्यातून आलेले वायरचे पिळलेले जोड बहुधा साध्या टोपीत असतात आणि त्यांत ओल शिरते. त्यांच्या जागी उष्णतेने आवळणारे जोड घाला. वायर भोकात जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, भोकात जाणार नाही. वायर जिथून आत जाते तिथे ब्यूटाइलचा गोळा दाबून बसवा.

टेप बैठकीच्या मागच्या बाजूला लावायची. वायरच्या भोकाभोवती तिचं पूर्ण, कुठेही न तुटलेलं कडं हवं. टेपचे दोन तुकडे जोडताना नुसती टोकं भिडवू नका, अर्धा इंच एकावर एक येऊ द्या. बाहेरच्या कडेला वर आणि दोन्ही बाजूंना पट्टी लावा. खालची कड मोकळी ठेवा. प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवतीही थोडी टेप हवी. पन्हळी पत्र्यावर सपाट बैठकीच्या मागे पोकळ्या राहतात आणि पाणी तिथूनच शिरतं, म्हणून पन्हळीच्या खोलगट भागात आधी टेपचे जादा तुकडे भरा आणि मग पूर्ण थर द्या.

हवा किमान 50 अंश फॅरनहाइट, म्हणजे 10 अंश सेल्सिअस असू द्या. थंडीत ब्यूटाइल कडक राहते आणि फटीत शिरत नाही. स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरच्या जोडीने आवळा. टेप वर आणि दोन्ही बाजूंना कडेने बाहेर डोकावली की थांबा, जास्त आवळल्याने बैठक तडकते. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात लाकडाची काडी गोंद लावून ठोका, वाळू द्या आणि मग पुन्हा आवळा. दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रू हलक्या हाताने तपासा, कारण टेप बसल्यावर ते थोडे ढिले होतात. मग बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने छाटा आणि वर व दोन्ही बाजूंना सीलंटची बारीक रेघ ओढा.

काचेच्या खालच्या कडेला निचऱ्याची लहान भोकं असतात. त्यांत माती किंवा कोळ्याचं जाळं साचलं असेल तर काडीने साफ करा आणि सीलंट त्यांच्यापासून लांब ठेवा. बल्बची जागा गंजली असेल तर पितळी ब्रशने घासा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बल्ब बसवा. नेहमी वापरला जाणारा 1157 क्रमांकाचा बल्ब आत पेटणाऱ्या दोन तारांचा असतो आणि त्याच्या खिळ्या वर-खाली असतात. तो जबरदस्तीने उलटा बसवला तर कमी-जास्त उजेडाची अदलाबदल होते.

बॅटरी आणि प्लग जोडून कायम दिवे, ब्रेक, डावं वळण, उजवं वळण हे क्रमाने तपासा. ब्रेक दाबल्यावर कायम दिवे मंदावले तर ग्राउंडची (ऋण बाजूची) वायर नीट जोडलेली नाही. एलईडीच्या सीलबंद दिव्यात पाणी शिरलं असेल तर तो उघडत बसू नका, पूर्ण दिवाच बदला. त्याची काच कारखान्यातच वितळवून जोडलेली असते आणि एकदा फुटलेला तो जोड घरी पुन्हा पाणबंद होत नाही.