होडी रस्त्यानं न्यायची आहे? आधी ती रिकामी करा

श्रीवर्धनहून पानशेतला होडी न्यायची म्हणजे म्हसळा, माणगाव आणि मग ताम्हिणीचा चढ. सोळा-अठरा फुटांची फायबरची होडी आणि तिच्या मागच्या टोकाला लावलेलं एक मशीन, म्हणजे इंजिन, एवढंच सामान. पण बांधायला मला अख्खी सकाळ लागते. पाण्यात होडीला तळभर आधार असतो. ट्रेलरवर तोच भार चार-सहा जागी टेकतो आणि दर गतिरोधकाला नेमक्या त्याच जागी दणका बसतो.

आदल्या रात्री नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उंच राहील असा ट्रेलर लावा आणि तळाचं बूच काढून ठेवा. राहून गेलेलं 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, तेही घाटात पुढंमागं हिंदकळणारं. नांगर, साखळी, वल्ही, पेट्रोलची टाकी, सगळं बाहेर काढा. नांगर सुटला तर आतून फायबर फोडतो. लाइफ जॅकेट उडून मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातं. बॅटरी काढता येत नसेल तर निदान वायरी सोडवा आणि ती पट्ट्यानं आवळा.

आता टेकवणी. वजन तळाच्या कण्याखालच्या रोलरांनी पेलायचं, बाजूच्या फळ्यांनी होडी फक्त कलू द्यायची नाही. फळ्यांची मागची टोकं होडीच्या मागच्या, मशीन जिथं बसवतात त्या फळीपर्यंत पोचली आहेत ना, हे वाकून बघाच. ती आखूड असली तर मशीनचं वजन हवेत लोंबकळतं आणि तळ हळूहळू वाकतो. पाण्यात गेल्यावर होडी चालत नाही म्हणून लोक मशीनला दोष देत बसतात.

गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या हुकावर किती वजन येतंय ते मोजा. होडी, मशीन आणि ट्रेलर मिळून 800 किलो असेल तर हुकावर 40 ते 80 किलो, म्हणजे पाच ते दहा टक्के यायला हवं. घरातला वजनकाटा पुढच्या दांड्याखाली ठेवून, दांडा हुकाच्या उंचीवर आडवा धरून बघता येतं. आधी चाकांखाली दगड लावा. वजन कमी भरलं तर ट्रेलर शेपटासारखा डुलतो. मग होडी थोडी पुढं ओढायची.

बांधताना पुढच्या विंचच्या, म्हणजे हातानं फिरवायच्या चरकाच्या, पट्ट्यावर विसंबू नका. तो होडी चढवायला असतो. नाळेच्या कडीतून वेगळी साखळी ट्रेलरला अडकवा आणि मागच्या दोन्ही कड्यांपासून रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्यानं आवळायचे पट्टे, ट्रेलरच्या चौकटीला आवळा. चढावर होडी मागं घसरायला बघते, ब्रेक मारला की पुढं येते. दोन्हीकडून धरलेली हवी. पट्टा जिथं काठावरून जातो तिथं जुन्या गालिच्याचा तुकडा घाला, आणि पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यानं तो भणभणत नाही.

मशीन लहान असेल तर सरळ काढून घ्या. चार स्ट्रोकचं असेल तर कुठल्या कुशीवर निजवायचं ते पुस्तिकेत बघा, नाहीतर ऑइल नको तिथं शिरतं. काढण्याजोगं नसेल तर वर उचला, पण त्याच्या छोट्या खिट्टीवर सोडू नका. ट्रेलर आणि मशीन यांच्यामध्ये आधाराची दांडी लावा.

ताडपत्रीबद्दल माझं मत वाईट आहे. एकदा निळी ताडपत्री झाकून निघालो आणि माणगावला चहाला थांबलो, तर एका सैल कोपऱ्यातल्या धातूच्या कडीनं आपटून आपटून रंग पार खरवडला होता. खाली पांढरे धागे दिसत होते. मापाचं, घट्ट बसणारं आच्छादन असेल तरच घाला. नाहीतर उघडी न्या.

ट्रेलरच्या चाकांकडे मात्र कुणी बघत नाही. होडी उतरवताना ती खाऱ्या पाण्यात बुडतात आणि बेअरिंग गंजतात. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. खरखर ऐकू आली तर निघू नका. ग्रीस नवं भरा. टायरची नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभं राहून बाजूचं रबर तडकलेलं असतं, तेही तपासा. दिवे, इंडिकेटर आणि मागं आलेल्या टोकाला लाल फडकं. रुंदी 2.6 मीटरच्या आत हवी, कायद्याची मर्यादा तेवढी आहे. सगळं चढवल्यावर जमिनीपासून उंची मोजून आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. वाडीतल्या लोंबत्या वायरीखाली तो कामाला येतो.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबाच. पट्टे हमखास सैल झालेले असतात. चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. कोमट चालेल, चटका बसत असेल तर बेअरिंग जातंय. परतीच्या वेळी पानशेतहून निघताना ट्रेलरला जलपर्णीचा तुकडाही चिकटलेला राहू देऊ नका, पुढच्या तळ्यात तेवढ्यातून रान माजतं.

आणि ते काढलेलं बूच. ते मी दोरीनं स्टिअरिंगला लटकवतो. होडी पाण्यात सोडायला उतारावर गाडी रिव्हर्स घ्यायला बसलं की ते हाताला लागतंच, आणि परत लावायचं राहत नाही.