चेतापेशी योग्य थरात पोहोचल्या का, हे कसे तपासावे: रीलिन प्रथिनाचे उदाहरण

कॉर्टेक्समधील, म्हणजे मेंदूच्या थरथरांच्या बाह्य आवरणातील, बहुतेक चेतापेशी मेंदूच्या पोकळीच्या काठाशी जन्मतात आणि रेडियल ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींच्या लांब तंतूंच्या आधाराने पृष्ठभागाकडे सरकतात. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरांत स्थिरावतात आणि नंतरच्या पेशी त्यांना ओलांडून वर जातात. हा क्रम राखण्यासाठी पृष्ठभागालगतच्या काहाल-रेट्झियस पेशींनी स्रवलेले रीलिन हे प्रथिन आवश्यक असते. डग्लस फाल्कनर यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या, झोकांड्या देत चालणाऱ्या ‘रीलर’ उंदरांत याच प्रथिनाचा अभाव आहे, हे १९९५ मध्ये त्याचे जनुक सापडल्यावर उलगडले.

पेशी कोठे आहे एवढे पाहून स्थलांतराचा निष्कर्ष काढता येत नाही. ती केव्हा जन्मली हेही ठाऊक असावे लागते. म्हणून प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनंतर, उंदराच्या एका गाभण मादीला गर्भधारणेच्या साडेबाराव्या आणि दुसरीला साडेपंधराव्या दिवशी बीआरडीयू या खूण करणाऱ्या द्रव्याचे एकच इंजेक्शन द्यावे. त्या वेळी डीएनएची प्रत बनवत असलेल्या पेशींत हे द्रव्य सामावले जाते. मात्र जी पेशी पुढेही विभागत राहते तिच्यातील खूण दर विभाजनाला निम्मी होते. यासाठी गडद रंगलेल्या पेशीच मोजाव्यात, फिकट पेशी धरल्यास जन्मवेळेचा अर्थच उरत नाही.

पिल्ले सात दिवसांची झाल्यावर मेंदूचे छेद घ्यावेत. बीआरडीयू उघडे करण्यासाठी लागणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाने इतर प्रथिनांचे रंगांकन बिघडू शकते, म्हणून थरांच्या खुणा, म्हणजे वरच्या थरांसाठी क्यूक्स१ आणि खोलवरच्या सहाव्या थरासाठी टीबीआर१ ही प्रथिने, शेजारच्या वेगळ्या छेदावर रंगवणे मला अधिक सुरक्षित वाटते. कॉर्टेक्सची जाडी दहा समान पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्टीतील पेशी मोजाव्यात, आणि तुलना त्याच वेतातील निरोगी भावंडाच्या मेंदूतील त्याच पातळीच्या छेदाशी करावी.

निरोगी पिल्लात साडेबाराव्या दिवशीच्या पेशी खोल आणि साडेपंधराव्या दिवशीच्या वर आढळतात. रीलर पिल्लात हा क्रम ढोबळमानाने उलटतो, पेशी विखुरलेल्या दिसतात, आणि एरवी विरळ असणारा पहिला, म्हणजे सर्वांत वरचा, थर पेशींनी भरून जातो.

येथे थांबणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण उलटा क्रम केवळ रीलिन नसल्याने घडत नाही. रीलिन हे व्हीएलडीएलआर आणि एपीओईआर२ या दोन ग्राहकांना, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटते, त्यामुळे पेशीतील डॅब१ या प्रथिनावर फॉस्फेट चढते आणि संदेश पुढे जातो. दोन्ही ग्राहक एकदम काढल्यास, किंवा स्क्रॅम्बलर उंदराप्रमाणे डॅब१ सदोष असल्यास, चित्र जवळजवळ तसेच दिसते. म्हणून गर्भावस्थेतील कॉर्टेक्सच्या पृष्ठभागालगतचा थर रीलिनच्या प्रतिपिंडाने रंगवावा आणि त्याच वयाच्या ऊतीत वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रथिनाचे प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीने, डॅब१ मोजावे. संदेश पोहोचला नाही तर डॅब१ नष्ट न होता साचत जाते. रीलिन दिसत नाही आणि डॅब१ साचलेले आहे, तर दोष संदेशाच्या उगमाशी आहे. रीलिन जागेवर असून डॅब१ साचले असेल, तर ग्राहकांचा संशय घ्यावा. आणि रीलिन जागेवर असून डॅब१च अत्यल्प असेल, तर बिघाड संदेश ऐकणाऱ्या पेशीच्या आत आहे.