लष्करी ट्रक चार्जिंग धरत नाही? या चुका टाळा

लिलावातून घेतलेला शक्तिमान असो की स्टॅलियन, चार्जिंग गेलं की पहिली कुऱ्हाड अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या यंत्रावर, पडते. तो उतरवून कुडाळला नाहीतर रत्नागिरीला पाठवायचा, बेंचवर तो ठणठणीत चालतो आणि गाडीवर चढवला की पुन्हा तेच रडगाणं. किनाऱ्यावर आधी खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले जोड बघावेत, अल्टरनेटर नंतर.

त्याआधी बॅटऱ्या. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मीटर दोन्हींवर मिळून न लावता प्रत्येकीवर वेगळा लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवं. एक बरी आणि एक उतरलेली दिसली, तर टेप किंवा मोबाइल चार्जर एकाच बॅटरीवरून घेतलाय का ते शोधा. फार जणांची खोड आहे ही. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी उकळते. १२ व्होल्ट हवेतच तर कन्व्हर्टर बसवा.

आता इंजिन थोडं रेसवर ठेवून हेडलाइट, वायपर चालू करा. बॅटऱ्यांवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवा. क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर करंट वाटेतच मरतोय. मग अल्टरनेटरची बॉडी आणि निगेटिव्ह खांब. इथे पाव व्होल्टही जास्तच.

कोकणात अर्थच, म्हणजे निगेटिव्ह बाजूची चेसीला केलेली जोडणीच, जास्त दगा देते. पावसाळ्याआधी चेसीला रंग आणि जळकं ऑइल फासताना अर्थचा बोल्टही रंगवला जातो. वरून घट्ट दिसतो, पण लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) उचलला की खाली हिरवी पूड. जागा चकचकीत घासा, धातूवर धातू आवळा, ग्रीस त्यानंतर वरून. केबलचं रबर सोलल्यावर तांबं काळं निघालं तर लाल दिसेपर्यंत कापत जा. हातभर कापूनही काळंच असेल तर केबल फेकून द्या. नवी घेताना बोटीच्या वायरिंगला वापरतात तशी कथिल चढवलेली घ्या. तेच ऑइल फॅन बेल्टवर उडालं असेल तर बेल्टही घसरतो, तेव्हा तोही बघून घ्या.

चावी फिरवल्यावर चार्जिंगचा दिवा लागलाच नाही तर आधी बल्ब बदला. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्यातूनच मिळतो.

आणि चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘चार्जिंग आहे का’ बघणारा मिस्त्री भेटला तर त्याचा हात धरा. त्या एका झटक्यात अल्टरनेटरमधले चांगले डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) उडतात आणि मग अल्टरनेटर खरंच उतरवावा लागतो.