त्रिकोणी पिन लूमवर विणताना या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या विणकामाच्या वर्गात हातात मावणारा त्रिकोणी पिन लूम, म्हणजे कडांवर खिळे ठोकलेली विणायची चौकट, मिळाला की नव्या मुलींना कधी एकदा लोकर गुंडाळतो असं होतं. लूम आधी तपासायचा धीर नसतो आणि निम्मं नुकसान तिथेच होतं.

सगळ्यात महागात पडते ती खिळ्यांच्या अंतराची चूक. या लूमवर काही धागे कर्णाला समांतर जातात, काही काटकोनात. म्हणून तिन्ही बाजूंवर खिळे सारख्याच अंतरावर ठोकून चालत नाही. कर्णावर १ सेंमी ठेवलंत तर उरलेल्या दोन बाजूंवर १.४ सेंमी हवं. पावसाळ्यात एका ताईंनी सुताराकडून २० सेंमी कर्णाची सागवानी चौकट करून आणली. पॉलिश सुरेख, पण खिळे सगळीकडे १ सेंमीवर. कर्णावर २०, दोन बाजूंवर मिळून २८! धागे वाकडे जायला लागले तेव्हा त्यांनी दोष लोकरीला दिला, जांभळी नाक्याहून दुसरी आणली. तीही तशीच गेली. शेवटी बाजूंवरचे सगळे खिळे उपटून दोन्हीकडे दहा-दहा नव्याने ठोकले, तेव्हा कुठे विणकाम सरळ झालं. लूम विकतचा असो की घरचा, मी आधी खिळे मोजते. कर्णावर जितके, साधारण तितकेच दोन बाजूंवर मिळून हवेत.

दुसरी चूक ताणाची. एकच धागा उभा-आडवा दोन्ही होतो आणि काम दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे येतं. सुरुवातीला घट्ट ओढलं की मध्यावर क्रोशाची सुई शिरत नाही. बोट टेकवलं की धागे खाली दबले पाहिजेत, इतकी ढील मी सोडते. घट्ट म्हणजे नीटस, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

धागा दुसऱ्या धाग्यांच्या वर-खाली जाताना चुकला का, हे प्रत्येक फेरीनंतर बघा. नंतर तिथपर्यंत सगळं उसवावं लागतं.

गर्दीच्या लोकलमध्ये विणू नका. खिळ्यांवरून फास निसटतात.

अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवण्याचा शॉर्टकट तर मुळीच नको. धागा लुळा पडतो, तो परत उभारी धरत नाही. पाण्याचा फवारा मारून टॉवेलवर टाचण्या लावा आणि पंख्याखाली वाळू द्या. ठाण्यातल्या जुलैत दुसरा दिवस उजाडतो, उजाडू दे.

दोन आखूड कडा धाग्यांना तिरक्या असल्यामुळे लूमवरून काढताच ताणल्या जातात. त्यामुळे तुकडा खिळ्यांवर असतानाच त्या दोन्ही कडांना मी क्रोशाची साखळी घालून घेते.