स्पिटफायर भारी की मेसरश्मिट? तुलना करायची तर अशी करा

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचा विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी "कुठलं भारी" वर येतेच, मग एक जण टॉप स्पीड फेकतो, दुसरा गन मोजतो, तिसरा म्हणतो पायलट महत्त्वाचा, आणि वाद तिथेच गोल गोल फिरत राहतो. आकडे बहुतेक वेळा बरोबरच असतात, फक्त ते एकमेकांसमोर ठेवायची पद्धत चुकलेली असते.

तर पहिलं काम, विमानाचं नुसतं नाव घेऊ नका, मॉडेल आणि महिना घ्या. ब्रिटिशांचं "स्पिटफायर" म्हणजे नक्की कुठलं? 1940 चं मार्क 1 साधारण 1,030 हॉर्सपॉवरचं, आणि 1944 चं मार्क 14 ग्रिफन इंजिनचं, 2,000 च्या वर. नाव एकच पण ही दोन वेगळीच विमानं आहेत हो. 1941 च्या शरद ऋतूत जर्मनांचं फॉकवुल्फ 190 आलं तेव्हा समोर स्पिटफायर मार्क 5 होतं आणि ते वेगात चक्क मागे पडलं. जून 1942 मध्ये आर्मिन फाबर नावाचा जर्मन पायलट दिशा चुकून आपलं 190 घेऊन वेल्समधल्या पेम्ब्री तळावर उतरला, ब्रिटिशांना आयतंच विमान मिळालं, चाचण्या झाल्या आणि कळलं की हे जवळपास प्रत्येक उंचीवर मार्क 5 पेक्षा जोरात पळतं, फक्त वळणात स्पिटफायर सरस. मग स्पिटफायरचं मार्क 9 आलं आणि हिशोब पुन्हा जुळला. म्हणजे नुसतं "190 वि. स्पिटफायर" विचारलंत तर उत्तर नाही, "जून 1942, मार्क 5" म्हणालात तर आहे.

दुसरं म्हणजे उंची. टॉप स्पीडचा आकडा ज्या उंचीवरचा आहे ती सोबत लिहिली नसेल तर तो आकडा सरळ बाजूला ठेवा. अमेरिकन मस्टँग पी-51डी चा ताशी 700 किमी सगळ्यांना पाठ असतो पण तो साधारण 7,600 मीटरवरचा, जमिनीलगत तेच विमान शंभरेक किमीने हळू. सगळी मजा सुपरचार्जरची (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) आहे, हवा विरळ झाली की इंजिनाचा दम जातो आणि तो किती उंचीपर्यंत टिकवायचा हे सुपरचार्जर ठरवतो. सुरुवातीच्या मस्टँगला ॲलिसन इंजिन होतं, खालच्या उंचीवर झकास आणि वर गेलं की थकायचं, तीच बॉडी मर्लिन इंजिनाचा दोन टप्प्यांचा सुपरचार्जर मिळाल्यावर बर्लिनपर्यंत बॉम्बर्सना सोबत करायला लागली (ड्रॉप टँक, म्हणजे रिकामे झाले की टाकून द्यायच्या जादा इंधनाच्या टाक्या होत्या म्हणून, हेही विसरू नका). तेव्हा दोन्ही विमानांचा वेग निदान तीन उंचींवर बघा, जमिनीलगत, मधे आणि वर. आणि लढाई प्रत्यक्षात कुठल्या उंचीवर होत होती तीच रांग वाचा.

मग वळण, रोल (विमान एका कुशीवर कलणं) आणि डाइव्ह (नाक खाली करून सूर मारणं). वळणासाठी विंग लोडिंग काढा, वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ, बस. जपानी झिरोचं (ए6एम2) साधारण 2,400 किलो आणि 22.4 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 107 किलोच्या आसपास. स्पिटफायर मार्क 1 चं 125 च्या घरात, जर्मन मेसरश्मिट 109ई चं 155-160, आणि अमेरिकन पी-47 थंडरबोल्टचं 230 च्या वर. आकडा जितका कमी तितकं विमान घट्ट वळतं, हे ढोबळ मानाने खरं. पण यावरून झिरो जिंकलं असं म्हणायला जाऊ नका. 1942 च्या जूनमध्ये अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांपैकी अकुतानवर पडलेलं एक झिरो अमेरिकनांनी दुरुस्त करून उडवलं तेव्हा दिसलं की 200 नॉटच्या (ताशी साधारण 370 किमी) वर त्याचे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे हलते भाग) इतके जड होतात की रोल करायला जीव जातो, आणि नाक झटकन खाली दाबलं की इंजिन अडखळतं. म्हणून अमेरिकन पायलटांनी त्याच्याशी हळू वेगात वळायचंच सोडलं, वरून यायचं, मारायचं आणि निघून जायचं.

असल्या गोष्टी तक्त्यात सापडत नाहीत. ते नाक दाबल्यावर अडखळणं 1940 च्या स्पिटफायरलाही होतं, कार्बोरेटरमुळे (नाक दाबलं की त्यातून इंजिनाला इंधन नीट मिळायचं नाही), आणि 109 ला इंधन थेट इंजिनात सोडणारं फ्युएल इंजेक्शन असल्याने ते सरळ डाइव्ह मारून निसटायचं. 1941 मध्ये बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी इंधनाच्या वाटेत एक बारकी चकती बसवून त्यावर तोडगा काढला.

आता फायरपॉवर, इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात कारण नुसत्या गन मोजतात. चार गोष्टी मांडा: एका सेकंदात किती किलो शिसं-लोखंड बाहेर पडतं, त्यात स्फोटक किती, ट्रिगर दाबून ठेवला तर दारूगोळा किती सेकंद पुरतो, आणि गन पंखात आहेत की नाकात.

उदाहरण करूनच बघू. स्पिटफायर मार्क 1, आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकी मिनिटाला साधारण 1,150 राउंड, गोळी 11 ग्रॅमच्या थोडी वर. आठही मिळून सेकंदाला दीडशेवर गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलो. समोर मेसरश्मिट 109ई-4, पंखात 20 मिमीच्या दोन कॅनन (स्फोटक शेल मारणाऱ्या मोठ्या गन), प्रत्येकी मिनिटाला 520 च्या आसपास, माइन शेल (पातळ कवचाचा, जास्त स्फोटक भरलेला) 92 ग्रॅमचा, शिवाय नाकावर दोन मशीनगन. सगळं धरून सेकंदाला दोन किलोच्या जवळपास. वजनात फारसा फरक नाही ना? पण त्या एकेका शेलमध्ये 18 ग्रॅमच्या आसपास स्फोटक आहे आणि ब्राउनिंगची गोळी नुसती भोक पाडते. आता उलटी बाजू बघा, कॅननला प्रत्येकी 60 च राउंड, म्हणजे सात सेकंदांत खेळ खलास, मग उरतात फक्त दोन मशीनगन. ब्राउनिंगला प्रत्येकी 300, म्हणजे पंधरा सेकंदांवर. नवशिका पायलट असेल, नेम धड नसेल, तर मला विचाराल तर मी आठ ब्राउनिंग घेईन, नेमबाज असेल तर कॅनन.

पंखातल्या गन तिरक्या लावून ठराविक अंतरावर एकत्र आणतात. ब्रिटिशांनी आधी ते 400 यार्ड ठेवलं होतं, पायलटांनी ते 250 वर आणलं. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे मारा विखुरतो. अमेरिकन पी-38 लाइटनिंगच्या एक कॅनन आणि चार मशीनगन नाकातच, त्यामुळे ही भानगडच नाही, तिथे कागदावर कमी दिसणारा आकडा प्रत्यक्षात जास्त लागतो.

आणि समोर कोण आहे? जर्मनांना चार इंजिनांचे बॉम्बर पाडायचे होते म्हणून त्यांनी 30 मिमीची एमके 108 आणली, शेल 330 ग्रॅमचा, मार भयंकर, पण वेग सेकंदाला जेमतेम 540 मीटर, त्यामुळे लांबून मारलं की शेल खाली पडतो. अमेरिकनांसमोर मुख्यतः लढाऊ विमानं होती, त्यांना सेकंदाला 880 मीटरच्या आसपास जाणाऱ्या सहा-आठ मशीनगन पुरल्या. कुणाची गन चांगली हा प्रश्न टार्गेट ठरवल्याशिवाय विचारूच नका.

शेवटी कुणी किती पाडली यावरून निकाल लावायचा मोह होतो, तिथे हात जरा आखडता घ्या. 15 सप्टेंबर 1940 ला ब्रिटिशांनी 185 जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं, खरा आकडा साठच्या आसपास निघाला, आणि यात कुणी मुद्दाम खोटं बोललं असंही नाही, एकाच जळत्या विमानावर तिघांनी मारा केला की तिघंही आपापल्या खात्यात लिहितात. म्हणून दावे बघू नका, समोरच्या बाजूने स्वतःचं नुकसान म्हणून काय नोंदवलंय ते शोधा.