सासूबाईंचं घर आवरताना: इंदुरात कुठली वस्तू कुठे द्यायची

मागच्या उन्हाळ्यात रामबागेतलं सासूबाईंचं घर रिकामं केलं. पंचावन्न वर्षांचा संसार, माळ्यासकट, आणि हातात पंधरा दिवस. पुण्याची नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, एक टेम्पो बोलवा आणि सगळं टाकून द्या." टाकून द्या, पण कुठे? 2017 साली देशातल्या स्वच्छ शहरांत आपल्या इंदूरचा पहिला नंबर आला तोवर इथल्या कचराकुंड्या उचललेल्याच होत्या. आता घरातलं जे बाहेर जातं ते निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, रोजच्या कचरागाडीत, जुनं पण चालणारं सामान घेणाऱ्या आरआरआर केंद्रावर, कबाड्याकडे, नाहीतर वेगळी गाडी बोलावून. चुकीच्या वाटेला लावलेलं परत दारात येतं. माझ्या दोन पिशव्या आल्या.

तिसरी आली नाही, ती यायला हवी होती. सासूबाई शेवटची आठ वर्षं इन्सुलिनवर होत्या. त्यांच्या पलंगाजवळचा खण मी तसाच सुक्या कचऱ्याच्या पिशवीत उपडा केला. गाडीवरच्या मुलाने पिशवी दाबली आणि हात झटकला. "मम्मी, सुई है इसमें." साबणाने वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावला, ह्यांनी त्याला स्कूटरवर बसवून लगेच डॉक्टरकडे नेलं. सुदैवाने काही झालं नाही, पण त्याच्या तपासण्या संपेपर्यंत गाडीवर वाजणारं गाणं ऐकू आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. तेव्हापासून प्रत्येक वस्तू उचलताना एकच विचारते: यानंतर हिला हात कुणाचा लागणार?

म्हणून आधी सुया. कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा. वर मार्करने मोठ्या अक्षरांत 'सुइयाँ' लिहा. हो, हिंदीतच. वाचणार तो, आपण नाही. पातळ पाण्याची बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते.

गाडीत सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी आणि घरातला धोकादायक. पहिले दोन सगळ्यांना पाठ आहेत, पण ओल्यातली एक खोड जात नाही: पिशवीत बांधून देण्याची. बादली थेट कप्प्यात रिकामी करा आणि घरी आणून धुवा. हा कचरा ट्रान्सफर स्टेशनवरून, म्हणजे गाड्यांतला कचरा गोळा होतो तिथून, देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो. 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झालेल्या या प्लांटची क्षमता दिवसाला 550 टन आहे. शिळ्या पोह्यांचा आणि वाटाण्याच्या सालांचा तिथे गॅस होतो, पॉलिथिनचा होत नाही.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट नालीत जातो. पिशवी विसळून वाळवून द्या. फुटलेली काच दोन-तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून 'काँच' लिहून हातात द्या, पिशवीत लपवू नका. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, वर पेनाने लाल खूण करून.

धोकादायक कप्प्यासाठी त्या घरात मला एक अख्खा पुठ्ठ्याचा डबा लागला. मुदत संपलेल्या गोळ्या, खोकल्याच्या औषधांच्या चिकट बाटल्या, अर्धा डबा ऑइलपेंट, झुरळांचं औषध, चार ट्यूबलाइट आणि पाऱ्याचा थर्मामीटर. 2016 च्या घनकचरा नियमांत ही सगळी मंडळी एकाच यादीत होती. गोळ्या संडासात ओतू नका, पट्टीसकट द्या. त्याआधी डब्यावरचं रुग्णाचं नाव खोडा. थर्मामीटर त्याच्या नळीतच ठेवा.

ट्यूबलाइट मूळ खोक्यात. खोकं नसेल तर जुन्या साडीत गुंडाळा. आमची एक जिन्यात फुटली. तिच्यात पारा अगदी थोडा असतो, पण त्याची वाफ होते. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद, दहा-पंधरा मिनिटं तिथे जाऊ नका. मग दोन जाड पुठ्ठ्यांनी तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत. केरसुणी फिरवली तर तोच पारा घरभर होतो.

मोबाइल, रिमोट, मिक्सर इलेक्ट्रॉनिकमध्ये. सेल काढून वेगळे द्या, मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, हातात देऊन सांगा. ती गाडीत दाबली गेली तर पेट घेते. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र गाडीत नाही. नवी घेताना दुकानदाराला जुनी द्या, किमतीत वजावट मिळते. तिच्यातलं ॲसिड नालीत ओतून नुसतं शिसं विकणारे महाभाग आमच्याच गल्लीत आहेत.

आता आरआरआर केंद्र. 2023 च्या मेमध्ये देशभर ही केंद्रं उघडली. तुमच्या जवळचं कुठलं, हे झोन कार्यालयात विचारा. तिथे मी दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला गाठोडं नेलं. तिथल्या बाईंनी गाठ सोडली, फाटका परकर वर काढला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. गाठोडं उचलून मी घरी आले.

दुसऱ्या खेपेला कपडे धुऊन, वाळवून, बटणं लावून नेले. साड्या वेगळ्या, स्वेटर वेगळे, मुलांचे वेगळे. चपलांचे जोड दोरीने बांधले, कारण एक चप्पल हरवली की दुसरी कचराच. सगळे तुकडे असलेला खेळ झिपच्या पिशवीत. भांडी घासून. आतले कपडे आणि वापरलेल्या उशा तिथे नेऊच नका. फाटक्या सुती साड्यांची लादी पुसायची फडकी केली.

आणि प्रत्येक घडी उलगडून बघा. सासूबाईंच्या अंजिरी नारायणपेठीच्या पोटात पाचशेच्या तीन जुन्या नोटा निघाल्या. 2016 च्या नोटबंदीत सगळ्यांनी घरं धुंडाळली तेव्हा त्या गप्प बसल्या असणार. नोटांचा उपयोग शून्य, पण ती साडी मी दिली नाही.

कबाड्याला रद्दी, लोखंड, पितळ. आधी दोन जणांना भाव विचारा आणि रद्दी घरच्या वजनकाट्यावर तोलून ठेवा. माझी बावीस किलो त्याच्या काट्यावर अठरा भरली. मी आमचा काटा बाहेर आणून ठेवला, मग बावीस झाली. बँकेची पासबुकं आणि आधारच्या झेरॉक्स रद्दीत घालू नका, फाडून सुक्यात टाका.

पलंग, गाद्या, मोडकं कपाट रोजच्या गाडीत चढत नाहीत. पाडकामाच्या मलब्याला तर ते हातही लावत नाहीत. निगमच्या इंदौर 311 ॲपवर नोंद करून वेगळी गाडी बोलवा. मलबा रस्त्यावर ओतला तर दंड होतो. आम्ही गाद्यांसाठी गाडी बोलावली ती सकाळी सातला आली, आणि आम्ही सगळे साखरझोपेत. म्हणून सामान आदल्या रात्रीच खाली आणून फाटकाच्या आत लावून ठेवा.