जवानाच्या घरातला घटस्फोट : कोर्ट, युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस, कोणतं काम कुठे करावं

नवरा फौजेत आणि संसार मोडायला आलेला, असं झालं की गावात पहिला सल्ला ठरलेला असतो : पाच माणसं बसवा, तहसीलसमोरून स्टॅम्प पेपर आणा, फारकत लिहून मोकळे व्हा. नोटरीचा शिक्का पडतो, दोन्हीकडचे मामा-काका सह्या करतात, दागिने परत होतात आणि सगळ्यांना वाटतं, सुटलं. प्रत्यक्षात काहीच सुटलेलं नसतं.

हिंदू विवाह कायदा, 1955 बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. त्याखाली झालेलं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. रूढीने चालत आलेली फारकत हा कायदा मानतो, पण ती रूढी त्या समाजात जुनी आहे आणि सतत पाळली जाते, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे तो पुरावा नव्हे. अशा कागदाच्या भरवशावर जवानाने दुसरं लग्न केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि नोकरीवर कारवाई होते ती वेगळी. त्या दुसऱ्या मुलीच्या वाट्याला काय येतं, याचा विचार बैठकीत कुणी करत नाही. जवानांच्या सेवेची आणि कुटुंबाची नोंद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला तिचं नाव लागत नाही आणि कायद्याने ती बायको ठरत नाही.

गोंड, कोरकू, कोलाम, परधान अशा अनुसूचित जमातींचं गणित वेगळं आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा त्यांना लागू होत नाही, त्यांचं लग्न आणि फारकत जमातीच्या रूढीप्रमाणे चालते. तरीही मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या जवानाने जमातीच्या पंचांच्या कागदावर थांबू नये. फारकत झाली आहे असं दिवाणी न्यायालयाकडून जाहीर करून घ्यावं, म्हणजे पुढे युनिटला दाखवायला पक्का कागद हाती राहतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे कायदे वेगळे आहेत, पण युनिट आणि रेकॉर्डची पुढे सांगितलेली कामं त्यांनाही करावीच लागतात.

अर्ज कुठे करावा

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. अर्ज बायकोचा असेल, तर ती सध्या राहते तिथेही चालतो. नवरा जम्मूला असो की आसामला, दारव्ह्याला माहेरी आलेल्या मुलीला त्याच्यामागे तिकडे जावं लागत नाही. नागपूरसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही, तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे प्रकरण चालतं. लग्नाला एक वर्ष झालं नसेल, तर अपवादात्मक हालअपेष्टा असल्याशिवाय न्यायालय अर्ज घेत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि फोनवर 15100 लावता येतो. सैनिक कुटुंबांसाठी 2025 मध्ये नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करा. एरवीही युनिट किंवा रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं आणि कुणाच्या नावाने लिहायचं, हे त्या कार्यालयाला नीट माहीत असतं.

कागदांत लग्नाचा दाखला आधी पाहा. नोंदणी झाली नसेल, तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला विचारा. पत्रिका आणि लग्नातले फोटो जपून ठेवा, मुलांचे जन्मदाखले सोबत घ्या. नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक, युनिटचं पूर्ण नाव आणि 56 किंवा 99 एपीओचा (फौजेच्या पोस्ट ऑफिसचा) पत्ता एका कागदावर लिहून ठेवा. पुढचं बरंच काही त्यावर अडतं.

समन्स घरच्या पत्त्यावर पाठवू नका

सैनिकांच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. अर्जात नवऱ्याचा गावाकडचा पत्ता दिलेला असतो. बेलिफ गावात जातो. ओसरीवर सासू तूर निवडत बसलेली असते, ती म्हणते, "तो तं ड्युटीवर हाय, जम्मूकडे." बेलिफ शेरा मारतो, ‘इसम गावी मिळून आला नाही’. समन्स परत येतं, पुढची तारीख पडते, आणि पुढच्या तारखेलाही तेच होतं. कापूस वेचायची मजुरी बुडवून एसटीने आलेली बाई रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीवर, सही करून परत जाते.

दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर 5 नियम 28 मध्ये, यावर सरळ तोड आहे. प्रतिवादी सैनिक असेल, तर न्यायालयाने समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे (सीओकडे) पाठवायचं असतं. पहिल्याच अर्जात युनिटचा पत्ता द्या आणि समन्स सीओमार्फत जावं असं वकिलाकडून लिहून घ्या.

सहमतीचा मार्ग, आणि ‘वेगळे राहण्या’ची तारीख

दोघंही तयार असतील, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली संयुक्त अर्ज हाच सगळ्यांत कमी त्रासाचा रस्ता आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा न्यायालयापुढे संमती द्यावी लागते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की समेटाची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा हे मिटलेलं असेल, तर हे सहा महिने माफ करता येतात. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा वापर करायला आणि योग्य कारण असेल तर आईवडील किंवा भावंडांमार्फत हजर राहायलाही त्यात वाट ठेवली आहे. फील्ड पोस्टिंगवरच्या जवानाला याचा मोठा उपयोग होतो.

आता एक वर्ष मोजायचं कुठून? फौजी जोडपं तर एरवीही वर्षातले कितीतरी महिने लांबच असतं. कायद्याच्या दृष्टीने वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून नांदणं थांबणं, नुसतं दोन ठिकाणी असणं नव्हे. शेवटची सुट्टी कधी झाली, तेव्हा दोघं एकत्र राहिले का, त्यानंतर नातं कधी तुटलं, हे आठवून तारीख ठरवा. पोस्टिंगची तारीख टाकून मोकळे झालात, तर उलटतपासणीत अडचण होईल. हाच धागा ‘टाकून देणे’ या कारणालाही लागू आहे. त्यासाठी सलग दोन वर्षं सोडून राहणं आणि नांदायचं नाही असा इरादा, दोन्ही दाखवावं लागतं. नवरा ड्युटीवर आहे म्हणून त्याने टाकलं असं होत नाही. तसंच फॅमिली क्वार्टर नाही म्हणून सून गावी सासू-सासऱ्यांजवळ राहिली, तर तिने नांदायला नकार दिला असंही होत नाही.

खावटी : इथे दोन दारं आहेत

पहिलं दार न्यायालयाचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 (जुनं 125), हिंदू विवाह कायद्याचं कलम 24 आणि मारहाण किंवा छळ असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, यांतून अंतरिम पोटगी मागता येते. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लांबवू नका. पे स्लिप मागवताना फक्त बेसिकवर नजर ठेवू नका. महागाई भत्ता आणि मिलिटरी सर्व्हिस पेही पगारातच येतो.

दुसरं दार फौजेचं, आणि ते खेड्यातल्या फार थोड्या बायकांना माहीत असतं. कोर्टात केस नसली तरी पत्नी थेट नवऱ्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे खावटीचा अर्ज करू शकते. आर्मी ॲक्ट, 1950 च्या कलम 90 आणि 91 मध्ये बायको-मुलांसाठी पगारातून कपात करायची तरतूद आहे. आर्मी ऑर्डर 2/2001 प्रमाणे पत्नीला पगार आणि भत्त्यांच्या 22 टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला 5.5 टक्के, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त 33 टक्के. समजा पगार-भत्ते 60,000 रुपये आहेत आणि दोन मुलं आहेत. पत्नीचे 13,200 आणि मुलांचे प्रत्येकी 3,300, मिळून 19,800 रुपये होतात. अर्ज गेल्यावर जवानाला नोटीस निघते, त्याचं म्हणणं घेतलं जातं आणि प्रकरण वरच्या अधिकाऱ्यांकडे जातं. वेळ लागतो, म्हणून अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

ही दोन दारं एकमेकांना जोडलेली आहेत. आर्मी ॲक्टच्या कलम 28 मुळे दिवाणी न्यायालयाला जवानाचा पगार थेट जप्त करता येत नाही. त्यामुळे न्यायालयाने पोटगी मंजूर केली की आदेशाची प्रमाणित नक्कल युनिटला आणि पे अकाउंट्स ऑफिसला पाठवून कपात मागावी लागते. आदेश कपाटात ठेवून पैसे आपोआप येतील म्हणून वाट पाहणाऱ्या बायका आहेत. तसं होत नाही. सीआरपीएफ, बीएसएफमध्ये नवरा असेल, तर आर्मी ॲक्ट लागत नाही, त्यांच्या दलाच्या कार्यालयाकडे जावं लागतं.

जवानाच्या बाजूने

तारखेला हजर राहता येत नाही म्हणून एकतर्फी निकाल लागेल, ही जवानाची भीती खोटी नाही. पण त्याला गप्प बसायचं कारणही नाही. आर्मी ॲक्टच्या कलम 32 प्रमाणे, केससाठी सुट्टी मिळाली आहे किंवा मागितली आहे असं प्रमाणपत्र न्यायालयात दिलं, तर शक्य तेवढं सुट्टीच्या काळातच प्रकरण ऐकून निकाली काढावं लागतं. सुट्टीच मिळत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 28 खाली वडील किंवा भावाला अधिकार देता येतो. त्या कागदावर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची असते. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत नेमणूक असेल, तर 1925 च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टखाली प्रकरण पुढे ढकलून घेता येतं. नोटीस आली की लपवू नका, युनिटमध्ये सांगा.

मुलांच्या भेटीचं लिहून घेताना ‘दर रविवारी’ असं लिहू नका. जवानाला ते पाळणं शक्य नसतं, मग उगाच अवमानाच्या नोटिसा निघतात. त्याची वार्षिक सुट्टी 60 दिवसांची असते, ती कधी मिळेल हे आधी ठरत नाही. म्हणून ‘सुट्टीवर आल्यावर इतके दिवस, इतक्या आधी कळवून’ असा मजकूर घाला, आणि एरवी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो.

हुकूमनामा हाती आल्यावर

अपिलाची मुदत 90 दिवस आहे. ती संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या लग्नाची बोलणी करू नका. त्यानंतर जवानाने प्रमाणित नक्कल युनिटला द्यायची, तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या लग्न, मुलं, घटस्फोट अशा बदलांची नोंद करणारा आदेश, निघते आणि घटस्फोट रेकॉर्डला लागतो. महार रेजिमेंटच्या रेकॉर्डचं काम मध्य प्रदेशातल्या सागरला चालतं, गार्ड्स रेजिमेंटचं आपल्या कामठीला. कँटीन कार्ड आणि डिपेंडंट कार्ड परत करावं लागतं. फंड आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन आपोआप बदलतं असं धरू नका, तेही भरून द्या. हुकूमनामा होईपर्यंत मात्र ती पत्नीच असते. मधल्या काळात जवानाचं बरंवाईट झालं, तर कौटुंबिक पेन्शनवर तिचा हक्क राहतो.

तारखेला आलेल्या आया एक प्रश्न हमखास विचारतात : "त्याची पेन्शन माह्या पोराले भेटन काय?" घटस्फोट झालेल्या पत्नीला कौटुंबिक पेन्शन मिळत नाही. मूल मात्र वडिलांचं मूलच राहतं. 25 वर्षांचं होईपर्यंत, किंवा त्याआधी लग्न किंवा कमाई सुरू होईपर्यंत, ते पात्र असतं, आणि वडिलांनी दुसरं लग्न केल्याने हा हक्क संपत नाही. अट एकच, मुलाचं नाव आणि जन्मतारीख रेकॉर्डला बरोबर लागलेली हवी. मूल गावी जन्मलं आणि पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, असं होतं. म्हणून तडजोडीच्या पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करण्याआधी मुलांच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या आणि जन्मदाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहा.